उपग्रह प्रतिमांची साधनचिकित्सा : तुंगार्ली परिसराच्या वनस्पती आच्छादनाच्या इतिहासलेखनासाठी प्रतिमास्रोतांची निवड

प्रस्तावना

वनांचा इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकाला आज दोन प्रकारची साधने उपलब्ध आहेत. वनखात्याचे अहवाल, गॅझेटियर, भूमापन नकाशे, वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नोंदी आणि महसुली दप्तर ही लिखित साधने होत. १९६० नंतर अवकाशातून घेतल्या गेलेल्या प्रतिमा हे दुसरे साधन होय. पहिल्या प्रकारच्या साधनांची छाननी कशी करावी, याची समृद्ध परंपरा महाराष्ट्रात आहे. वि. का. राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तेव्हापासून कागद कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कोणत्या हेतूने लिहिला आणि लिहिणाऱ्याला प्रत्यक्ष काय दिसत होते, हे प्रश्न विचारल्याशिवाय त्यातील मजकूर ग्राह्य धरायचा नाही, हा दंडक आपल्याकडे रूढ झाला.

उपग्रह प्रतिमांच्या बाबतीत मात्र हा दंडक क्वचितच पाळला जातो. प्रतिमा यंत्राने टिपलेली असल्याने ती निःपक्षपाती आहे, असे गृहीत धरले जाते. दोन वेगवेगळ्या वर्षांच्या प्रतिमा शेजारी ठेवून हिरवळ किती वाढली वा घटली, याची टक्केवारी काढली की अभ्यास पूर्ण झाला असे मानले जाते. वस्तुतः प्रत्येक प्रतिमेमागे एक उपग्रह, एक संवेदक, एक ठरावीक वेळ, एक शासकीय धोरण आणि एक विशिष्ट हेतू असतो. कोणता प्रतिमास्रोत निवडला यावर निष्कर्ष अवलंबून असतो आणि त्या निष्कर्षावर कधी गावाचे भवितव्य, तर कधी एखाद्या कुटुंबाचा जमिनीवरील हक्क अवलंबून असतो.

प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्याच्या घाटमाथ्यावरील तुंगार्ली परिसर डोळ्यांसमोर ठेवून, वनस्पती आच्छादनाच्या अभ्यासासाठी उपलब्ध असलेल्या प्रतिमास्रोतांचा ऐतिहासिक आढावा घेण्याचा आणि त्यांच्या निवडीचे काही निकष मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासक्षेत्र : तुंगार्ली

तुंगार्ली आज लोणावळा शहराचा भाग आहे. ब्रिटिश काळात बांधलेले येथील धरण आणि त्याचा जलाशय पावसाळी पर्यटकांच्या परिचयाचे आहेत. तुंगार्लीवरून पुढे जाणारी वाट श्रीवर्धन आणि मनरंजन या जोडकिल्ल्यांच्या राजमाचीकडे जाते. लोणावळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ६२५ मीटर आहे. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा कोकणात उतरतो, पूर्वेला इंद्रायणीचे खोरे उघडते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा पहिला मारा याच कड्यावर होत असल्याने येथील वार्षिक पर्जन्यमान ४००० मिलिमीटरच्या आसपास असते. मात्र त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात.

या हवामानामुळे येथील वनस्पतिजीवन संमिश्र स्वरूपाचे आहे. दऱ्याखोऱ्यांत आणि पाण्याच्या वाटांवर अंजनी, जांभूळ, हिरडा, आंबा यांचे निमसदाहरित रान टिकून आहे. उतारांवर ऐन, किंजळ यांसारखे पानझडी वृक्ष आहेत. त्यांच्या खाली आणि उघड्या उतारांवर कारवीची दाट झुडपे, करवंदीच्या जाळ्या आणि गवत आढळते. सपाट कातळसड्यांवर पावसाळ्यात चार महिन्यांपुरते तृण आणि पुष्पवनस्पती उगवतात. खालच्या भागात भाताची खाचरे आहेत.

मानवी हस्तक्षेपाच्या दृष्टीनेही हा परिसर महत्त्वाचा आहे. पुणे ते खंडाळा हा लोहमार्ग १८५८ मध्ये आणि बोरघाटाचा चढ १८६३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. टाटा समूहाच्या जलविद्युत योजनेसाठी वलवण, लोणावळा आणि शिरोता हे जलाशय निर्माण झाले आणि १९१५ मध्ये खोपोली येथे वीजनिर्मिती सुरू झाली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला आणि त्यानंतर बंगले, हॉटेले व विश्रामगृहे यांच्या बांधकामाला मोठी गती मिळाली. म्हणजेच, सुमारे दीडशे वर्षांत या डोंगरावर रेल्वे, धरणे, महामार्ग आणि पर्यटन या चार शक्तींचा परिणाम एकामागून एक होत गेला. त्यांपैकी पहिल्या दोहोंच्या काळात उपग्रह नव्हते; शेवटच्या दोहोंच्या काळात मात्र ते होते. अभ्यासाची मर्यादा येथेच स्पष्ट होते.

उपग्रहपूर्व साधने

मुंबई इलाख्यात वनांच्या नियमनासाठी अलेक्झांडर गिब्सन यांची १८४७ मध्ये वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. पुण्याजवळील दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे ते अधीक्षक होते. १८७८ च्या वन कायद्याने राखीव आणि संरक्षित वनांची वर्गवारी झाली. तेव्हापासूनच्या वनखात्याच्या नोंदींत 'वन' ही प्रामुख्याने कायदेशीर संज्ञा आहे. झाडे असोत वा नसोत, राखीव म्हणून घोषित झालेली जमीन म्हणजे वन. उपग्रह मात्र कायद्याची सीमा पाहत नाही. तो केवळ पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश टिपतो. या दोन साधनांतील 'वन' हा एकच शब्द दोन भिन्न गोष्टींचा निर्देश करतो, ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे हे दुसरे साधन होय. १८ अंश ४५ मिनिटे उत्तर अक्षांशाची रेषा लोणावळ्यातून जात असल्याने या परिसराचा नकाशा ४७ एफ/५ आणि ४७ एफ/६ अशा दोन पत्रकांत विभागला गेला आहे. तुंगार्ली आणि राजमाचीचा भाग उत्तरेकडील पत्रकात येतो. दोन्ही पत्रकांच्या सर्वेक्षणाची वर्षे तपासल्याशिवाय ती जोडून एकच आधाररेषा मानणे धोक्याचे असते.

तिसरे आणि बहुधा सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे वनस्पतिशास्त्रीय नोंदी. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर एच. सांतापाव यांनी खंडाळा परिसरातील वनस्पतींचा सविस्तर अभ्यास केला. तो भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने १९५३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या पुढे निघाल्या. तुंगार्लीच्या शेजारच्याच डोंगरावर कोणकोणत्या जाती वाढत होत्या, याचे हे चित्र उपग्रहयुगाच्या नेमके उंबरठ्यावरचे आहे. प्रतिमा किती क्षेत्र हिरवे आहे ते सांगते. ती हिरवळ कोणाची, हे सांगण्यास असे ग्रंथच साहाय्यभूत ठरतात.

प्रतिमायुगाचा आरंभ : १९६० ते १९८८

अवकाशातून घेतलेल्या सर्वांत जुन्या उपयुक्त प्रतिमा लष्करी हेरगिरीतून निर्माण झाल्या. अमेरिकेच्या 'कोरोना' मालिकेतील उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात फिल्मवर छायाचित्रे घेतली आणि १९९५ मध्ये ती अभ्यासकांसाठी खुली करण्यात आली. या संग्रहात भारतीय भूभागाचीही छायाचित्रे आहेत. मालिकेतील शेवटच्या कॅमेऱ्यांचे विभेदन सुमारे दोन मीटर होते. म्हणजे मोठ्या वृक्षाचा शेंडा वेगळा ओळखता येतो. मात्र ही छायाचित्रे कृष्णधवल आहेत. अवरक्त प्रकाशाची स्वतंत्र नोंद नसल्याने त्यांवरून वनस्पती निर्देशांक काढता येत नाही. वनाच्या कडा, वाटा, खाचरे आणि वस्ती यांचा आकार मात्र त्यांतून वाचता येतो. लष्करी ठाणी शोधण्यासाठी घेतलेले छायाचित्र वनाच्या इतिहासाचे साधन ठरावे, ही गोष्ट सरकारी पत्रव्यवहारातून सामाजिक इतिहास काढणाऱ्यांना अपरिचित वाटणार नाही.

वनस्पतींच्या अभ्यासासाठी आवश्यक असलेली खरी कलाटणी २३ जुलै १९७२ रोजी प्रक्षेपित झालेल्या पहिल्या लँडसॅट उपग्रहाने दिली. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. या दोन पट्ट्यांतील मूल्यांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागले असता जो अंक मिळतो, तो 'एनडीव्हीआय' या नावाने ओळखला जाणारा वनस्पती निर्देशांक होय. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात लँडसॅटच्याच माहितीवर तो प्रचारात आला. आरंभीच्या लँडसॅटचे विभेदन सुमारे ८० मीटर होते. म्हणजे प्रतिमेतील एक पिक्सेल जमिनीवरील ०.६४ हेक्टर, सुमारे दीड एकर क्षेत्र व्यापत असे. १९८२ पासून उपलब्ध झालेल्या सुधारित संवेदकाने हे विभेदन ३० मीटरवर आणले.

भारतात या विद्येची पायाभरणी तत्पूर्वीच झाली होती. डेहराडून येथे १९६६ मध्ये छायाचित्र-अर्थबोधन संस्था सुरू झाली. पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे संस्थापक संचालक पी. आर. पिशरोटी यांच्या मार्गदर्शनाखाली १९७० च्या सुमारास केरळमधील नारळाच्या रोगाचा शोध घेण्यासाठी हेलिकॉप्टरमधून अवरक्त छायाचित्रण करण्यात आले. भारतातील सुदूर संवेदनाचा हा पहिला प्रयोग मानला जातो. १९७४ मध्ये हैदराबाद येथे राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्था स्थापन झाली आणि जवळच्या शादनगर केंद्रावर १९७९ पासून लँडसॅटची माहिती थेट मिळू लागली.

एकाच वनाचे दोन आकडे

याच लँडसॅट प्रतिमांवरून राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने १९७२-७५ आणि १९८०-८२ या दोन कालखंडांतील देशाच्या वनाच्छादनाची तुलना केली. सात-आठ वर्षांत ते भौगोलिक क्षेत्राच्या १६.८९ टक्क्यांवरून १४.१० टक्क्यांवर घसरल्याचा निष्कर्ष निघाला. या आकड्यांनी देशभर खळबळ उडाली. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने १९८१-८३ च्या लँडसॅट प्रतिमांवर आधारलेला आपला पहिला अहवाल १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात वनाच्छादन सुमारे १९.५ टक्के दाखविले होते. उपग्रह तोच, काळही जवळपास तोच. तरीही दोन शासकीय संस्थांच्या आकड्यांत पाच टक्क्यांहून अधिक अंतर पडले. दोहोंचा मेळ घालण्याचे काम स्वतंत्रपणे करावे लागले. फरक प्रतिमेत नव्हता. प्रतिमेवरील कोणत्या छटेला 'वन' म्हणावयाचे, या निर्णयात होता.

पुढील काळात वन सर्वेक्षण संस्थेची साधने बदलत गेली. पहिल्या अहवालात १:१० लक्ष या प्रमाणावर ४०० हेक्टरांहून लहान वनखंड दाखविता येत नव्हता. त्यानंतर १:२,५०,००० या प्रमाणावर ही मर्यादा २५ हेक्टरांवर आली आणि २००१ च्या अहवालात १:५०,००० या प्रमाणावर संपूर्ण देशाचे संगणकीय अर्थबोधन होऊन ती एक हेक्टरवर आली. या अखेरच्या बदलाचा परिणाम लक्षणीय होता. १९९९ च्या अहवालात ६,३७,२९३ चौरस किलोमीटर असलेले वनाच्छादन २००१ मध्ये ६,७५,५३८ चौरस किलोमीटर झाले. ही ३८,२४५ चौरस किलोमीटरची वाढ म्हणजे दोन वर्षांत उगवलेले जंगल नव्हे. पूर्वी न दिसणारे लहान वनखंड आता दिसू लागले होते.

तुंगार्लीसारख्या परिसरात या बाबीला विशेष महत्त्व आहे. येथील निमसदाहरित रान दऱ्यांच्या अरुंद पट्ट्यांत विखुरलेले आहे. मावळातील अनेक देवरायाही आकाराने लहानच. ४०० वा २५ हेक्टरांच्या मर्यादेत असे तुकडे नकाशावर आलेच नसतील. १९८७ आणि २००१ चे नकाशे शेजारी ठेवून येथील वन वाढले असे म्हणणारा अभ्यासक वनाचा नव्हे, तर नकाशाशास्त्राचा इतिहास सांगत असेल.

भारतीय उपग्रहांचे पर्व

१७ मार्च १९८८ रोजी बैकानूर येथून आयआरएस-१ए हा पहिला भारतीय सुदूर संवेदन उपग्रह प्रक्षेपित झाला. त्यावरील लिस-१ या संवेदकाचे विभेदन ७२.५ मीटर आणि लिस-२ चे ३६.२५ मीटर होते. २८ डिसेंबर १९९५ रोजी प्रक्षेपित झालेल्या आयआरएस-१सी वर २३.५ मीटर विभेदनाचा लिस-३ आणि ५.८ मीटर विभेदनाचा एकवर्णी कॅमेरा होता. १७ ऑक्टोबर २००३ च्या रिसोर्ससॅट-१ ने ५.८ मीटरचा बहुवर्णी लिस-४, २३.५ मीटरचा लिस-३ आणि ५६ मीटरचा एविफ्स असे तीन संवेदक एकाच वेळी कार्यान्वित केले. २०११ आणि २०१६ मध्ये याच मालिकेतील पुढील उपग्रहांनी ही परंपरा अखंड ठेवली. १९९५ पासूनची लिस-३ ची मालिका हा या परिसराच्या इतिहासासाठी एक सलग दस्तऐवज ठरतो. कारण द्रुतगती मार्गापूर्वीची आणि नंतरची स्थिती एकाच विभेदनाने त्यात टिपलेली आहे.

तथापि प्रतिमा उपलब्ध असणे आणि ती महाविद्यालयीन अभ्यासकाच्या हाती पडणे यांत मोठे अंतर होते. हवाई छायाचित्रे आणि मोठ्या प्रमाणावरील नकाशे यांवर संरक्षणविषयक निर्बंध होते. २००१ च्या सुदूर संवेदन धोरणाने ५.८ मीटरपर्यंतच्या प्रतिमा सर्वांना समान तत्त्वावर खुल्या केल्या, २०११ च्या धोरणाने ही मर्यादा एक मीटरपर्यंत आणली. तरी प्रत्येक प्रतिमेचे मूल्य मोजावे लागत असे आणि ते बहुतेक महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेर होते. २००८ मध्ये लँडसॅटचा संपूर्ण संग्रह विनामूल्य झाला, तर २००९ मध्ये 'भुवन' हे भारतीय संकेतस्थळ सुरू झाले. २०१५ आणि २०१७ मध्ये प्रक्षेपित झालेल्या युरोपीय सेंटिनेल-२ उपग्रहांच्या जोडीने १० मीटर विभेदनाच्या प्रतिमा दर पाच दिवसांनी विनामूल्य मिळू लागल्या. अनेक अभ्यासांत लँडसॅटच का वापरलेला दिसतो, याचे कारण नेहमीच शास्त्रीय नसते. पुष्कळदा ते आर्थिक असते. हे कारण प्रामाणिकपणे नोंदविणे हाही साधनचिकित्सेचाच भाग आहे.

ढग, सावली आणि ऋतू

विभेदन हा निवडीचा एकच निकष मानणे सह्याद्रीत विशेष फसवे ठरते. जून ते सप्टेंबर या काळात तुंगार्लीवर ढगांचे आच्छादन असते. म्हणजे वनस्पतींची वाढ ज्या महिन्यांत सर्वाधिक होते, नेमक्या त्याच महिन्यांत प्रकाशीय उपग्रहांना येथील जमीन क्वचितच दिसते. वन सर्वेक्षण संस्था प्रामुख्याने ऑक्टोबर ते डिसेंबरच्या प्रतिमा वापरते, ते आकाश निरभ्र आणि पानझडी वृक्ष अद्याप पर्णयुक्त असतात म्हणून. परंतु ऑक्टोबरच्या प्रारंभी कातळसड्यावरील गवतही हिरवे असते आणि निर्देशांकात ते वनासारखे भासू शकते. डिसेंबरमध्ये तेच गवत पिवळे पडते. एका वर्षाची ऑक्टोबरमधील आणि दुसऱ्या वर्षाची डिसेंबरमधील प्रतिमा घेतल्यास, एकही झाड न तुटता मोठी वृक्षतोड झाल्याचा भास निर्माण होईल. मार्च-एप्रिलमध्ये ऐन-किंजळ पर्णहीन असतात, भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजलेले काळे पट्टे दिसतात आणि उतारांवरील वणव्यांच्या खुणा असतात. पण सदाहरित रान वेगळे ओळखण्यास हाच काळ सर्वांत उपयुक्त असतो.

दुसरी अडचण सावलीची. लँडसॅट, आयआरएस आणि सेंटिनेल-२ हे सर्व उपग्रह स्थानिक वेळेनुसार सकाळी दहा ते साडेदहाच्या सुमारास येथून जातात. डिसेंबरच्या अखेरीस त्या वेळी सूर्य आग्नेयेला असतो आणि क्षितिजापासून त्याची उंची जेमतेम ४२ अंश असते. सह्याद्रीचा मुख्य कडा पश्चिमाभिमुख आहे. परिणामी ज्या कड्यांत आणि घळींत मूळचे रान सर्वाधिक टिकून आहे, तोच भाग प्रतिमेत काळवंडलेला दिसतो. उंचीच्या प्रतिमानाच्या साहाय्याने ही त्रुटी काही अंशी भरून काढता येते. पूर्ण सावलीतील भागाबाबत मात्र 'माहिती उपलब्ध नाही' असे नोंदविणेच योग्य.

ढगांवरील उपाय म्हणजे रडार. भारताचा रिसॅट-१ हा उपग्रह २६ एप्रिल २०१२ रोजी, तर युरोपचा सेंटिनेल-१ए २०१४ मध्ये प्रक्षेपित झाला. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून प्रक्षेपित झालेल्या भारत-अमेरिका संयुक्त निसार उपग्रहातील दीर्घ तरंगलांबीचे रडार पानांच्या थरातून आत पोहोचून खोड-फांद्यांची माहिती देऊ शकते. मात्र रडार तिरके पाहते. उंच कड्यांच्या प्रदेशात माथा पायथ्यावर झुकल्यासारखा दिसणे आणि दरी झाकली जाणे, हे दोष अटळ असतात. म्हणून तुंगार्लीच्या पठारासाठी आणि खाचरांसाठी रडार उपयुक्त, कड्यासाठी मात्र सावधपणे वापरावयाचे साधन होय.

तिसरी अडचण जातींची. कारवी साधारण सात-आठ वर्षांनी एकाच वेळी फुलते आणि त्यानंतर मरून वाळते. उघड्या उतारावर हजारो झुडपे एकदम वाळल्यास निर्देशांक घसरतो. ही ऱ्हासाची नव्हे, तर निसर्गचक्राची खूण असते. याउलट बंगल्यांच्या आवारात लावलेली शोभेची झाडे निर्देशांक उंचावतात. वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येनुसार एक हेक्टर वा त्याहून अधिक क्षेत्रावर वृक्षछत्राची घनता १० टक्के वा अधिक असल्यास, मालकी, जमिनीचा वापर आणि वृक्षांची जात कोणतीही असो, ते वनाच्छादन ठरते. त्यामुळे अंजनी-जांभळाचे रान जाऊन त्या जागी विरळ उद्यानवृक्ष आले, तरी आकडा फारसा हलणार नाही, असे घडू शकते. तुंगार्लीसारख्या पर्यटनकेंद्रात हाच सर्वांत मोठा धोका आहे. नकाशा हिरवा राहतो आणि रान मात्र नाहीसे होते.

प्रतिमा, गाव आणि हक्क

प्रतिमास्रोताची निवड केवळ शास्त्रीय चर्चेपुरती मर्यादित राहत नाही, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात पाच मिनिटे अक्षांश-रेखांशांच्या, म्हणजे सुमारे नऊ किलोमीटर बाजूच्या चौकटी मूल्यमापनासाठी वापरल्या आणि अनेक निकषांची सांगड घालून संपूर्ण पश्चिम घाटाची तीन श्रेणींत विभागणी सुचविली. त्यानंतर के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने २०१३ मध्ये लिस-३ च्या सुमारे २४ मीटर विभेदनाच्या प्रतिमांवर भर देऊन 'नैसर्गिक' आणि 'सांस्कृतिक' भूदृश्ये वेगळी केली, गाव हे एकक मानले आणि पश्चिम घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरविला. सहा राज्यांतील ४,१५६ गावांची यादी त्यातून निघाली. त्यांपैकी २,१५९ गावे महाराष्ट्रातील होती. २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत या अधिसूचनेचे सहा मसुदे प्रसिद्ध झाले. मोठी चौकट घेतली तर गावाची सीमा पुसली जाते; सूक्ष्म पिक्सेल घेऊन शेती-बागायतीला 'सांस्कृतिक' म्हणून वगळले तर माणसांनी राखलेली देवराई, गायरान आणि नदीकाठ यांचे परिसरमूल्य हिशेबाबाहेर राहण्याचा संभव असतो. दोन्ही अहवालांतील मतभेद धोरणविषयक होते हे खरे; पण त्या मतभेदांना मोजमापाच्या एककाचाही आधार होता.

दुसरे उदाहरण वनहक्कांचे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ ही कब्जा सिद्ध करण्याची निर्णायक तारीख आहे. साहजिकच त्या सुमाराच्या उपग्रह प्रतिमांना पुराव्याचे मोल आले. सह्याद्रीतील ठाकर, कातकरी वा महादेव कोळी कुटुंबाचा उतारावरील वीस गुंठ्यांचा तुकडा विचारात घेऊ. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २,०२३ चौरस मीटर. लँडसॅटच्या प्रतिमेत तो जेमतेम सव्वादोन पिक्सेल व्यापतो आणि लिस-३ मध्ये चार पिक्सेलही भरत नाहीत. बांधावरची झाडे आणि शेजारचे रान यांच्या छटा त्यात मिसळल्याने तो 'वन' म्हणून वाचला जाण्याची दाट शक्यता असते. लिस-४ मध्ये हाच तुकडा सुमारे ६० पिक्सेल व्यापतो आणि मे २००५ मध्ये प्रक्षेपित झालेल्या कार्टोसॅट-१ च्या अडीच मीटर विभेदनात बांधही दिसू शकतो. त्यातच लँडसॅट-७ च्या संवेदकात ३१ मे २००३ रोजी कायमचा बिघाड झाल्याने त्यानंतरच्या प्रत्येक प्रतिमेतील सुमारे २२ टक्के भाग रिकाम्या पट्ट्यांनी व्यापलेला असतो. म्हणजे कोणती प्रतिमा निवडली यावर एखाद्या कुटुंबाचे शेत दिसणे वा न दिसणे अवलंबून राहते. २०१२ च्या सुधारित नियमांनी उपग्रह प्रतिमा ही अन्य पुराव्यांना पूरक समजावी, पर्याय समजू नये, असे स्पष्ट केले, ते यथार्थच होय.

निवडीचे निकष

उपरोक्त विवेचनाच्या आधारे तुंगार्ली व तत्सम घाटमाथ्याच्या परिसरासाठी पुढील निकष सुचविता येतात.

पहिला निकष प्रश्नाचा. प्रथम प्रश्न निश्चित करावा आणि मग प्रतिमा शोधावी. अर्धशतकातील स्थूल बदल जाणण्यासाठी लँडसॅटची सलग मालिका योग्य. द्रुतगती मार्गानंतरच्या बांधकामाचा वनावरील परिणाम पाहण्यासाठी लिस-३ आणि लिस-४. २०१५ नंतरच्या ऋतुमानानुसार बदलांसाठी सेंटिनेल-२. पावसाळ्यातील भातक्षेत्रासाठी रडार.

दुसरा निकष तुल्यतेचा. तुलना करावयाच्या प्रतिमा एकाच ऋतूतील, शक्यतो एकाच पंधरवड्यातील असाव्यात आणि सूक्ष्म विभेदनाची प्रतिमा स्थूल प्रतिमेच्या पातळीवर आणूनच तुलना करावी. त्या वर्षांचे पर्जन्यमानही नोंदवावे. डिसेंबर आणि एप्रिल अशा दोन प्रतिमांची जोडी घेतल्यास सदाहरित, पानझडी आणि तृण या तिन्ही प्रकारांचा भेद एका प्रतिमेपेक्षा अधिक खात्रीने करता येतो.

तिसरा निकष व्याख्येचा. 'वन', 'वृक्षाच्छादन' आणि 'वनस्पती आच्छादन' या संज्ञा एकमेकींच्या जागी वापरू नयेत. कातळसड्यावरील तृण हेही वनस्पती आच्छादन आहे. ते वन नाही म्हणून निरुपयोगी ठरत नाही.

चौथा निकष प्रत्यक्ष पडताळणीचा. सांतापाव यांच्या नोंदींसारख्या ग्रंथांतील जाती आजच्या क्षेत्रभेटीत कोठे आढळतात, हे पाहिल्याशिवाय प्रतिमेतील छटेला नाव देऊ नये. राब, गुरचराई आणि वणवे यांविषयी गावातील वयोवृद्ध जे सांगतात, ते प्रतिमेच्या अर्थबोधनासाठी आवश्यक साधन समजावे. भूगोल, वनस्पतिशास्त्र आणि इतिहास या विभागांनी एकत्र येऊन करण्यासारखे हे काम महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे.

पाचवा निकष प्रकटीकरणाचा. उपग्रह, संवेदक, दिनांक, विभेदन, किमान नकाशाक्षेत्र, सावली व ढगांमुळे वगळलेला भाग आणि तीच प्रतिमा निवडण्याचे कारण यांचा उल्लेख प्रत्येक अभ्यासात असावा.

समारोप

उपग्रह प्रतिमांनी वनेतिहासाला अभूतपूर्व साधन दिले, यात संशय नाही. परंतु ते साधन १९६० च्या दशकातील हेरगिरीपासून आजच्या विनामूल्य संग्रहांपर्यंत सतत बदलत आले आहे आणि प्रत्येक बदलाबरोबर वनाचे दिसणेही बदलले आहे. १९८० च्या दशकातील दोन आकड्यांचा वाद, २००१ मधील अचानक वाढ आणि पश्चिम घाटाविषयीचे दोन अहवाल यांतून हीच गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते. तुंगार्लीच्या डोंगरावर लोहमार्ग, जलाशय, महामार्ग आणि पर्यटन यांनी जे घडविले, त्याचा निवाडा एका प्रतिमेवरून करता येणार नाही. भिन्न काळांतील प्रतिमा, जुने नकाशे, वनस्पतिशास्त्रीय नोंदी आणि स्थानिकांची स्मृती या सर्वांची परस्परांशी पडताळणी करूनच तो करावा लागेल. कागदपत्रांबाबत जी चिकित्सा आपण आवश्यक मानतो, तीच चिकित्सा प्रतिमांबाबत केली, तर हिरवा नकाशा आणि जिवंत रान यांतील अंतर ओळखणे शक्य होईल. त्या अंतराची जाणीव ठेवूनच या परिसराविषयी धोरण आखले जावे आणि तेथील माणसांच्या हक्कांचा निर्णय व्हावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.